किती व्होल्ट, किती कोस : आदिलाबादेतल्या हत्यार-खरेदीचा आढावा

खंडेनवमीच्या सकाळी सुताराच्या पडवीत पाटावर काय काय मांडलेलं आहे, यावरून त्या घरातल्या धंद्याच्या दोन पिढ्या वाचता येतात. मागे बापाचा लाकडी रंधा, अंगठा टेकून टेकून खोलगट झालेला. त्याच्या शेजारी पटाश्या, गिरमिट, वाकस. त्यांच्यापुढे चार इंची ग्राइंडर, वायरीला दोन ठिकाणी काळी पट्टी गुंडाळलेला. आणि अगदी पुढे, झेंडूच्या फुलाखाली, बॅटरीचं ड्रिल मशीन. फक्त त्याची बॅटरी जागेवर नसते. ती आत चार्जिंगला लावलेली असते, कारण दसरा उलटला की काम आहे.

पुढचा पैसा यांपैकी कशावर घालायचा, हा या लेखाचा प्रश्न. बॅटरीची हत्यारं, वायरीची हत्यारं आणि हाताची हत्यारं यांची तुलना पुण्या-मुंबईतही होते. पण पैनगंगेच्या दक्षिणेला, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, बेला, जैनद, तांसी, तलमडगू या मराठी-तेलुगू-गोंडी मिसळलेल्या पट्ट्यात या तुलनेला एक जास्तीचा आकडा लागतो. तो डब्यावर छापलेला नसतो. मशीन बंद पडलं तर ते घेऊन किती लांब जायचं, हा तो आकडा. राष्ट्रीय महामार्ग 44 वर आदिलाबादहून उत्तरेला नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर आणि दक्षिणेला हैदराबाद सुमारे तीनशे. इथला कारागीर या दोन शहरांच्या मधोमध बसून खरेदी करतो, आणि माझ्या मते त्याचे बरेचसे निर्णय या अंतरातूनच समजतात.

कुठून इथवर

विजेच्या ड्रिलचं पहिलं पेटंट 1889 मध्ये मेलबर्नला अर्नॉट आणि ब्रेन या दोघांच्या नावावर झालं. 1895 मध्ये जर्मनीतल्या फाइन कंपनीने हातात धरून चालवायचं ड्रिल बनवलं. आज आपण जे धरतो, पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा, त्याचं पेटंट 1917 मध्ये ब्लॅक अँड डेकरला मिळालं. बॅटरीवर चालणारं ड्रिलही याच कंपनीने 1961 मध्ये बाजारात आणलं. ‘बिनवायरीचं ड्रिल नासाने शोधलं’ असं हार्डवेअरवाले अजूनही सांगतात. ते खरं नाही. नासाच्या चांद्रमोहिमांसाठी खास ड्रिल तयार झालं, पण बॅटरीचं ड्रिल त्याच्या आधीच विक्रीत होतं. जपानच्या माकिताने 1969 मध्ये आपलं पहिलं रिचार्जेबल ड्रिल काढलं.

त्या काळच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या जड होत्या, नुसत्या ठेवल्या तरी उतरत, आणि अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केल्या की त्यांची ताकद घटत जाई. म्हणून कितीतरी वर्षं बॅटरीचं ड्रिल हे हौशी माणसाचं खेळणं राहिलं. लिथियम-आयन सेल सोनीने 1991 मध्ये बाजारात आणला, आणि 2005 मध्ये मिलवॉकीने 28 व्होल्टची लिथियम हत्यारं काढली. बॅटरीवर दिवसभराचं काम निघू शकतं ही कल्पना धंदेवाईकांत रुजली ती त्यानंतर.

महाराष्ट्राचा या इतिहासातला वाटा बहुधा विसरला जातो. मुलुंडच्या रॅलीवुल्फची ड्रिल मशीनं जुन्या कारखान्यांत अजून दिसतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला 1976 मध्ये कुलकर्णी पॉवर टूल्स उभी राहिली. आज तिचं नाव केपीटी, आणि तिचे ब्लोअर व ग्राइंडर खेड्यापाड्यांतल्या वर्कशॉपांत पोचलेले आहेत. टपारियाने नाशकात स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने पाने-पकडी बनवायला घेतल्या. मराठी घरात पक्कड आणायला सांगताना ‘टपारियाची आण’ असं म्हणतात, तेव्हा ते नाव वस्तूचंच होऊन गेलेलं असतं. कानशींच्या बाबतीत रत्नागिरीत कारखाना असलेल्या जेके फाइल्सचं असंच.

आदिलाबादेत मात्र बॅटरीशी पहिली ओळख सुताराची झाली नाही, कापसाच्या शेतकऱ्याची झाली. पाठीवरचा फवारणी पंप हाताने हापसायचा होता, तो बॅटरीचा झाला. सोळा लिटरची टाकी, खाली बारा व्होल्टची शिशाची बॅटरी. ही बॅटरी कपाशीच्या हंगामात राबते आणि उरलेले महिने कोपऱ्यात उतरून पडते, आणि शिशाच्या बॅटरीला उतरलेल्या अवस्थेत पडून राहणंच सगळ्यांत जास्त बाधतं. पुढच्या मृगाला ती चार्ज घेत नाही. ‘बॅटरीची वस्तू टिकत नाही’ हे इथलं मत या अनुभवातून आलं आहे. लिथियमवाल्या ड्रिलला ते जसंच्या तसं लागू होत नाही, पण दुकानात गिऱ्हाईक ते मनात धरूनच उभं असतं.

लाकूडकामही याच काळात बदललं. सागाचा जिल्हा म्हणून आदिलाबादचं नाव. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानंतर वनपट्ट्यातल्या आरागिरण्यांवर बंधनं आली. आज सुताराकडे लाकूड परवानाधारक आरागिरणीतून चिरूनच येतं, आणि घरातल्या कपाटांसाठी तर लाकूड येतच नाही, प्लायवूड आणि एमडीएफ येतं. जिथे साल आणि खोबण काढून सांधा बसवला जाई, तिथे आता स्क्रू जातात, एका कपाटाला शेकड्यांनी. बॅटरीचा ड्रायव्हर इथे शिरला तो या स्क्रूंच्या पाठोपाठ.

डब्यावरचे आकडे

वादाच्या बाजू मांडण्याआधी आकड्यांचा गोंधळ निस्तरायला हवा, कारण निम्मी भांडणं त्यातूनच होतात.

दुकानात एका डब्यावर 18 व्होल्ट असतं, दुसऱ्यावर 20, तिसऱ्या स्वस्त डब्यावर 21. गिऱ्हाईक साहजिकच 21 ला ताकदवान समजतं. तिन्हींच्या आत मात्र एकामागे एक जोडलेले पाचच सेल असतात. लिथियम सेलचा कामातला सरासरी दाब 3.6 व्होल्ट धरला तर पाचांचे 18 होतात. पूर्ण चार्ज झालेला सेल 4.2 व्होल्ट दाखवतो, त्याचे पाचांचे 21. मधला गोल आकडा 20. तीन सेलांच्या छोट्या मशीनवर 10.8 आणि 12 हे आकडे असेच एकाच गोष्टीचे आहेत. 48, 88, 128 असे आकडे मिरवणाऱ्या स्वस्त मशीनांच्या आतही बहुतेक वेळा हेच पाच सेल निघतात. तिथे आकडा हे मोजमाप नसून सजावट आहे.

खरी तुलना करायची तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणावं. 18 व्होल्ट आणि 2 अँपिअर-अवर म्हणजे 36 वॉट-अवर. 5 अँपिअर-अवरची असेल तर 90. टाकीत किती तेल मावतं, ते या गुणाकारातून कळतं. आता हिशेब करू. स्क्रू बसवताना ड्रिल सरासरी 200 वॉट खात असेल असं धरलं, तर 36 वॉट-अवरच्या बॅटरीत घोडा सुमारे अकरा मिनिटं दाबून ठेवता येईल. अकरा मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, पण एका स्क्रूला चार सेकंद लागले तर त्यात दीडशेच्या वर स्क्रू बसतात. उलट 700 वॉटचा ग्राइंडर पूर्ण जोराने चालवायचा म्हटलं तर 90 वॉट-अवरची महागडी बॅटरीही आठ मिनिटांच्या आत संपते. अर्थात बॅटरीचे ग्राइंडर एवढी ताकद खेचतच नाहीत, म्हणून ते जास्त वेळ चालतात आणि म्हणूनच ते जाड अँगलवर दमतात.

टॉर्कच्या आकड्यालाही एक मेख आहे. कंपन्या दोन प्रकारचा टॉर्क मोजतात, मऊ सांध्यातला आणि कठीण सांध्यातला, आणि मोठ्या टाइपात छापतात तो दुसरा, कारण तो मोठा असतो. दोन मशीनं ताडून बघताना दोन्हीकडचा एकाच जातीचा आकडा धरला नाही तर तुलना फुकट.

‘ब्रशलेस’ हा शब्द मात्र जाहिरातीपुरता नाही. साध्या मोटरमध्ये कार्बन घासतात, ठिणग्या उडतात, कार्बन झिजतात. ब्रशलेस मोटरमध्ये कार्बनचं काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. त्यामुळे तेवढ्याच बॅटरीत काम जास्त होतं आणि मशीन कमी तापतं. त्याची दुसरी बाजू पुढे वायरीवाल्यांच्या तोंडून येईलच.

बॅटरीवाल्यांची बाजू

बॅटरीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा पहिला मुद्दा वेगाचा नसून जिवाचा असतो, आणि तो ऐकण्यासारखा आहे. बांधकाम चालू असलेल्या खेड्यातल्या घरात वीज बहुधा तात्पुरती ओढलेली असते. अर्थिंग असेलच असं नाही. उघड्या वायरीची टोकं काडी खोचून सॉकेटात बसवलेली असतात. पावसाळ्यात भिंती ओल्या. अशा जागी शिडीवर उभं राहून 230 व्होल्टची वायर ओढत काम करण्यापेक्षा 18 व्होल्टची बॅटरी हातात असणं बरं, याला उत्तर नाही. वायरीच्या चांगल्या मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. ती दुहेरी इन्सुलेशनची, म्हणजे त्या मशीनला अर्थिंगची गरज नसते. पण वायरीचं वरचं रबर फाटलं की त्या खुणेचा उपयोग राहत नाही.

दुसरा मुद्दा दाबाचा. वीज आहे की नाही, हा तेलंगणात आता पूर्वीइतका मोठा प्रश्न नाही. 1 जानेवारी 2018 पासून तर शेतीपंपांनाही चोवीस तास मोफत वीज आहे. पण गावाच्या शेवटच्या खांबावर दाब पडलेला असतो आणि तिथे वायरीचं मशीन गुरगुरतं, तापतं, आर्मेचर जाळतं. बॅटरी चार्ज व्हायला थोडा उशीर झाला तरी मशीनला पूर्ण दाबच देते.

तिसरा मुद्दा मजुरीचा आहे. पडदे, बिजागऱ्या, टीव्हीचे स्टँड, सोलरच्या पट्ट्या, सीसीटीव्ही, यांचं काम करणारा माणूस एका दिवसात चार घरं फिरतो. प्रत्येक घरी बोर्ड शोधणं, एक्स्टेंशन सोडणं, गुंडाळणं यात त्याचा वेळ जातो. मोटरसायकलच्या डिकीत ड्रिल आणि दोन बॅटऱ्या टाकून निघणारा इलेक्ट्रिशियन आदिलाबाद शहरात आता नवा राहिलेला नाही. त्याच्यापुरता हा वाद मिटलेला आहे.

वायरीची बाजू

वायरीची बाजू मांडणारा बहुधा फॅब्रिकेशनवाला असतो: गेट, ग्रिल, शटर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. त्याचा ग्राइंडर दिवसाचे कितीतरी तास फिरतो. चार इंची, नावाजलेल्या कंपनीचा वायरीचा ग्राइंडर साधारण दोन ते साडेतीन हजारांत येतो. त्याच दर्जाचा बॅटरीवरचा, बॅटऱ्या आणि चार्जर धरून, याच्या कितीतरी पट. आणि वर दिलेला आठ मिनिटांचा हिशेब त्याला कागदावर करावा लागत नाही, तो अंगठ्याखाली कळतो.

पण त्याचा खरा मुद्दा दुरुस्तीचा आहे, आणि आदिलाबादपुरता मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. हा शेतीपंपांचा मुलूख आहे. पंप आले म्हणून मोटर वाइंडिंगची दुकानं आली, तालुक्याच्या गावापर्यंत आली. वायरीच्या ग्राइंडरमध्ये बिघडण्यासारखं काय असतं? कार्बन, स्विच, बेअरिंग, गिअर, आर्मेचर, फील्ड कॉइल. यातलं एकही असं नाही की जे वाइंडिंगवाला उघडून बघू शकत नाही. कार्बन तर गिऱ्हाईक स्वतःच बदलतो. ब्रशलेस मशीन बिघडलं तर बहुधा आतला सर्किट बोर्ड गेलेला असतो. तो सांधता येत नाही, बदलावा लागतो, आणि बोर्ड वाइंडिंगवाल्याकडे नसतो. मग मशीन पार्सलने जातं किंवा नागपूरच्या एसटीत कुणाच्या तरी मांडीवर जातं. तंत्रज्ञान जितकं पुढचं, तितका त्याचा वैद्य लांब. दुकानदाराने हे सांगायला हवं. सहसा सांगत नाही.

इथे एका धोक्याबद्दल लिहिणं भाग आहे, कारण तो वायरीच्या हत्यारांच्या स्वस्ताईतून आला आहे. आपल्याकडे प्लायवूड कापायला बरेच सुतार मार्बल कटर वापरतात, लाकडाचं पातं बसवून. कोणी कोणी ग्राइंडरलाच दातेरी पातं लावतात आणि ते बसत नाही म्हणून वरचं गार्ड काढून फेकतात. मार्बल कटर दगड कापायच्या वेगाने फिरतो, त्याला लाकडासाठीचं संरक्षण नसतं. ग्राइंडरला तर नाहीच नाही. पातं गाठीत अडकलं की मशीन उलटं उसळतं, आणि ते मांडीवर नाहीतर तोंडावर येतं. सर्क्युलर सॉ नावाचं याच कामाचं, गार्डसकट मशीन मिळतं. महाग आहे हे खरं. मी स्वतः एकदा असा गार्ड काढलेला ग्राइंडर उसना घेऊन खिडकीची चौकट कापायला गेलो होतो. शर्टाची बाही गेली, हात वाचला. त्यानंतर उसनं हत्यार आणलं की मी आधी गार्ड बघतो.

हाताच्या हत्यारांची बाजू

हाताच्या हत्यारांबद्दल लिहिताना माणूस हळवा होतो, आणि हळवेपणाने त्यांचं नुकसानच होतं. त्यांची बाजू मुळात व्यवहाराची आहे.

उदाहरण निर्मळचं. 11 ऑक्टोबर 2016 ला जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि निर्मळ वेगळं झालं, पण हस्तकलेच्या नकाशावर ही गावं एकाच ओळीत आहेत. निर्मळची खेळणी पोनिकी नावाच्या अतिशय मऊ, हलक्या लाकडाची होतात. नकाशी कारागीर वेगवेगळे अवयव कोरतात, आणि लाकडाचाच भुसा व चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने ते जोडतात, गुळगुळीत करतात. 2009 मध्ये या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. या कामात ताकद लागतच नाही, नेम लागतो. पोनिकीवर वेगवान मशीन लावलं तर ते कोरण्याआधी उडवून देतं. तेव्हा इथे पटाशी आणि कानस राहिली ती परंपरेच्या आग्रहाने नव्हे, लाकडाच्या स्वभावाने. ओझा कारागिरांच्या डोकरा कामाचंही तसंच. मेणाचे धागे ओढून नक्षी बसवायची, मातीचं आवरण द्यायचं, मेण वितळवून त्या जागी धातू ओतायचा. 2018 मध्ये आदिलाबाद डोकरालाही मानांकन मिळालं. यात मशीनला जागा आहे ती शेवटी, घासून चकाकी आणताना.

सागाच्या कामातही हाताची हत्यारं पूर्ण गेलेली नाहीत. दाराची चौकट ठोकळमानाने मशीनवर होते, पण दार पावसाळ्यात फुगलं की दोन सूत छिलायला रंधाच लागतो. बिजागरीची खाच पटाशीनेच साफ होते. शिवाय ही हत्यारं लोहाराच्या आवाक्यातली आहेत. झिजलेल्या कानशीपासून पटाशी करून घेणारे, तिला पाणी देऊन घेणारे सुतार अजून भेटतात. कानशीचं पोलाद चांगलं असतं, ते वाया का घालवायचं, हा त्यामागचा हिशेब.

जुन्या सुतारांची तक्रार असते की आताच्या पोरांना धार लावता येत नाही. तक्रार खरी आहे, पण दोष एकट्या पोरांचा नाही. बाजारात आता जे हातकरवत मिळतं, त्याच्या दातांची टोकं उष्णता देऊन इतकी कडक केलेली असतात की त्यांच्यावर कानस चालत नाही. टोकं निळसर-काळी दिसतात, त्यावरून ओळखावं. हे करवत बरेच दिवस छान कापतं आणि मग फेकावं लागतं. म्हणजे ‘हाताचं हत्यार पिढ्यान्‌पिढ्या टिकतं’ हे वाक्यही आता तपासून घ्यावं लागतं. पटाशीला ते लागू आहे. निळ्या दातांच्या करवतीला नाही.

एक गंमत जाता जाता. आपण ज्याला करवत म्हणतो त्याला तेलुगू सुतार रंपम म्हणतो, आपली पटाशी ती त्याची उली. हाताच्या हत्यारांना दर भाषेत आपलं नाव आहे. ड्रिल, ग्राइंडर, बॅटरी यांना सगळ्या भाषांत एकच. सीमेवरच्या दुकानदाराचं काम त्याने सोपं झालं.

खरेदीचा व्यवहार

बाजाराच्या वाटा साधारण ठरलेल्या आहेत. किरकोळ वस्तू आदिलाबाद, निर्मळ, किनवट किंवा पांढरकवड्याला. मोठी खरेदी असली तर नागपूर, इतवारीच्या लोहाओळीकडे. नाहीतर सिकंदराबादचं रानीगंज. आणि आता फोनवरून घरपोच.

फोनवरच्या खरेदीत फसगत होते ती बहुधा ‘सोलो’ या एका शब्दाने. सोलो म्हणजे नुसतं मशीन. बॅटरी नाही, चार्जर नाही. किंमत बघून माणूस खूश होतो, डबा उघडल्यावर कळतं. ज्याच्याकडे त्याच कंपनीच्या बॅटऱ्या आहेत त्याच्यासाठी सोलो हाच स्वस्तातला मार्ग असतो. पहिल्यांदा घेणाऱ्यासाठी तो निम्माच माल असतो.

यातूनच या सगळ्या विषयातली मुख्य गोष्ट समोर येते. बॅटरीचं पहिलं मशीन घेताना आपण मशीन निवडत नाही, बॅटरीची जात निवडतो. बॉशची बॅटरी माकिताला बसत नाही, हे कोणालाही माहीत असतं. पण बॉशच्याच अठरा व्होल्टच्या निळ्या धंदेवाईक आणि हिरव्या घरगुती मशीनांच्या बॅटऱ्याही एकमेकांना बसत नाहीत. डिवॉल्ट आणि स्टॅनली ही एकाच मालकाची नावं, तरी त्यांच्या बॅटऱ्यांच्या खाचा वेगळ्या. एकदा दोन बॅटऱ्या घेतल्या की पुढची पाच मशीनं त्याच घरातून घ्यावी लागतात. सोयरीक करताना मुलीचं माहेर बघतात तसं इथे सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते आधी बघावं, रंग आणि आकडे मागून.

माझं मत विचाराल तर किरकोळ फिटिंगवाल्याने पहिलं बॅटरीचं मशीन म्हणून बारा व्होल्टचं ड्रिल-ड्रायव्हर घ्यावं, भिंतीत भोकं पाडणाऱ्याने अठराचं. ग्राइंडर मात्र वायरीचाच ठेवावा. पकडी-पाने नाव असलेल्या कंपनीचे घ्यावेत, पण बिल घेऊन, कारण खपणाऱ्या नावांची नक्कल सर्रास होते. बॅटरीवर भारतीय मानक आयएस 16046 चा क्रमांक आणि नोंदणीचा आर-क्रमांक आहे का, तेही बघावं. लिथियमच्या सेल आणि बॅटऱ्यांना ही नोंदणी सक्तीची आहे, आणि ती नसलेली बॅटरी उशाशी चार्जिंगला लावू नये.

सरकारी योजनेचाही उल्लेख इथेच. 17 सप्टेंबर 2023 ला केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा धंद्यांत सुतार, लोहार, गवंडी, मूर्तिकार, खेळणी बनवणारे येतात. ओळखपत्र, काही दिवसांचं प्रशिक्षण आणि रोज 500 रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि पुढे दोन टप्प्यांत एक लाख व दोन लाखांचं कर्ज 5 टक्क्यांनी. पंधरा हजारांत काय येतं याचा विचार केला तर वायरीचं ड्रिल, ग्राइंडर आणि हाताच्या हत्यारांचा चांगला संच येतो. किंवा नावाजलेल्या कंपनीचा बॅटरीचा एखादा किट आणि थोडं सुटं सामान. दोन्ही एकदम नाही. सुताराला कोणता रस्ता जास्त फळतो, याचं उत्तर त्याच्या गिऱ्हाइकावर आहे, खेड्यातल्या चौकटींवर की शहरातल्या कपाटांवर.

न सुटलेलं

काही प्रश्नांवर दोन्ही बाजू अडखळतात.

पहिला उन्हाचा. लिथियम बॅटरी साधारण 40 ते 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असं कंपन्या सांगतात, आणि चांगला चार्जर तशी तापलेली बॅटरी घेतच नाही. दिवा लुकलुकत राहतो. आदिलाबादेत मे महिन्यात हवाच 45 च्या आसपास जाते, पत्र्याखाली त्याहून वर. म्हणजे ऐन लग्नसराईत, घरांची कामं जोरात असताना, चार्जर रुसतो. कामगारांनी यावर उपाय काढले आहेत: कुणी बॅटरी कूलरसमोर ठेवतं, कुणी माठाशेजारी. कूलरचा वारा ठीक आहे. माठाचा ओलावा नाही. उन्हात राबलेली आणि वर कायम पूर्ण चार्ज करून ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते हे रसायनाच्या नियमाने ठरलेलंच आहे. पण थंड देशांत ठरवलेल्या वॉरंटीच्या मुदती या उन्हाला कितपत लागू पडतात, हे कारागिराला कोणी सांगत नाही.

दुसरा अदलाबदलीचा. परदेशांत कंपन्यांनी एकत्र येऊन एकमेकांच्या मशीनांना चालणाऱ्या बॅटऱ्या काढायला सुरुवात केली आहे. 2018 पासून मेटाबोच्या पुढाकाराने एक गट आहे, बॉशचेही आहेत. पण गटसुद्धा अनेक झाल्याने भिंती पडल्या नाहीत, फक्त आवारं मोठी झाली. आपल्या बाजारात एकी आली ती मागच्या दाराने. स्वस्त 21 व्होल्टवाल्या कितीतरी मशीनांनी माकिताच्या बॅटरीची खाच उचलली आहे, त्यामुळे त्यांच्या बॅटऱ्या परस्परांना बसतात. कारागिराला ही सोय हवीच आहे. तिच्याबरोबर संरक्षक सर्किट नसलेले सेलही येतात, आणि सोय व धोका एकमेकांपासून वेगळे कसे करायचे, हे ठरलेलं नाही.

तिसरा दुरुस्तीचा. विजेच्या दुचाक्या वाढल्यापासून शहरांत सेल बदलून बॅटरी पुन्हा बांधून देणारे आले आहेत. कंपन्या म्हणतात, हे धोक्याचं. बांधणारे म्हणतात, पाचातला एक सेल मेला म्हणून चार जिवंत का फेकायचे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. वाइंडिंगवाल्याच्या पोराने हे काम शिकून घेतलं तर वर मांडलेला अंतराचा मुद्दाच बराचसा बदलेल. ते त्याला कोण शिकवणार, हे अजून कुणाच्या यादीत दिसत नाही.

आणि मेलेल्या बॅटऱ्यांचा. 24 ऑगस्ट 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. फवारणी पंपाची शिशाची बॅटरी भंगारवाला आनंदाने घेतो, कारण शिशाला वजनावर भाव आहे. ड्रिलची लिथियम बॅटरी तो हातात घेऊन वजन बघतो आणि परत करतो. मग ती सुताराच्या फळीवर जाते, गंजलेल्या बिजागऱ्यांच्या डब्याशेजारी, जुनी झाली म्हणून टाकवत नाही आणि नवी म्हणून लावता येत नाही.